बालगृहातला समुपदेशक नेमकं करतो काय? 'रिमांड होमात टाकलं' म्हणण्याआधी हे वाचा

नांदेड / लातूर : घरात भांडण झालं, शाळेत मार बसला, नाहीतर नुसतीच मुंबई बघायची म्हणून एखादं पोरगं स्टेशनावर जाऊन गाडीत बसतं. दोन दिवसांनी पोलिसांना सापडतं आणि घरी फोन येतो, लेकरू बालगृहात आहे. तोवर गावात बातमी फिरलेली असते, 'रिमांड होमात टाकलं म्हणे.' त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, 'गेलं आता कामातून.'

आधी हा घोळ मिटवू. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे १८ वर्षांखालच्या लेकरांचे दोन गट आहेत. ज्यांच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे, त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं आणि चौकशी होईपर्यंत गरज पडली तर त्यांना निरीक्षणगृहात ठेवतात. अनाथ, हरवलेली, पळून आलेली, घरात छळ होणारी लेकरं वेगळी. त्यांना २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती लेकराला घरी सोडायचं की काही दिवस बालगृहात ठेवायचं ते ठरवते. म्हणजे बालगृहातल्या लेकरानं काही गुन्हा केलेला नसतो.

दोन्ही ठिकाणी लेकराशी बोलायला समुपदेशक असतो. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेला माणूस, बऱ्याचदा बाईमाणूस. पोरं त्यांना सर, मॅडम नाहीतर ताई म्हणतात. या शब्दातच 'उपदेश' आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की समोर बसवून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत असतील. काम नेमकं उलटं आहे. उपदेश लेकरानं आधीच पोटभर ऐकलेला असतो, त्याचं कुणी ऐकलेलं नसतं.

समजा, मुखेडकडचा तेरा वर्षांचा एक पोरगा आला. मायबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, हा आजीजवळ. पहिले काही दिवस तो नावसुद्धा नीट सांगणार नाही. गाव खोटं सांगेल. जेवताना दोन पोळ्या खिशात घालेल आणि उशीखाली ठेवेल. रात्री अंथरूण ओलं होईल, सकाळी दुसरी पोरं हसतील, मग हा एखाद्याचं डोकं फोडेल. बाहेरच्याला यात बिघडलेलं पोरगं दिसतं. समुपदेशकाला दिसतं की या लेकराला उद्याच्या जेवणाचा भरवसा नाही आणि रात्रीची भीती आहे. पोळ्या हिसकून घेतल्या तर ती भीती वाढते. उद्याही जेवण मिळणार आहे हे त्याला रोज मिळूनच पटावं लागतं.

बोलणं खुर्चीवर बसून फार कमी होतं. कॅरम खेळताना, चित्र काढताना, ग्राउंडवर फेऱ्या मारताना पोरगं हळूच एखादं वाक्य टाकतं. ते पकडायचं, पण लगेच दहा प्रश्न विचारायचे नाहीत. पोरं आधी माणूस तपासून पाहतात. शिवी देतात, वस्तू फोडतात, हा चिडून मारतो का ते बघतात. मारणं तर कायद्यानंच बंद आहे. संस्थेत शिस्तीच्या नावाखाली लेकराला मारलं, तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि पुढच्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

एक गोष्ट मात्र समुपदेशक गुपित ठेवू शकत नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं लेकरानं सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून चांगला समुपदेशक 'कुणालाच सांगणार नाही' असं खोटं वचन सुरुवातीलाच देत नाही.

भीती अशी अंगात बसते, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर मोठी माणसंसुद्धा छताखाली झोपायला भीत होती. त्या वेळी भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० लेकरं शिक्षणासाठी पुण्याला नेली. समुपदेशन हा शब्द तेव्हा खेड्यात कुणाला माहीतही नव्हता.

आता खरी अडचण. ही पदं बहुतेक कंत्राटी आहेत. माणूस टिकत नाही, आणि नवा आला की लेकराला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. एखादं लेकरू सरळ म्हणतं, 'मागच्या मॅडमला सांगितलंय सगळं.'

दुसरी अडचण गावाकडची. घरची परिस्थिती पाहून सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत तयार करायचा असतो. मायबाप फडावर असले तर माहिती द्यायला घरी कोण? भेटायला आलेली आई दारातच 'तोंड काळं केलंस' म्हणून हात उगारते, मग आधी आईलाच पाणी देऊन शांत करावं लागतं. तिच्याशीही बोलणं हा कामाचाच भाग आहे. लेकरू का गेलं ते घरच्यांना कळलं नाही, तर महिन्याभरात ते पुन्हा स्टेशनावर दिसतं.

गावकऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अशा लेकराचं नाव, फोटो, शाळा, पत्ता पसरवायला कलम ७४ नं मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यानं हे वाचावं. दुसरं, निरीक्षणगृहातून आलेल्या पोराला 'आता नोकरी लागणार नाही' असं म्हणतात, ते बरोबर नाही. कलम २४ प्रमाणे बालवयातल्या प्रकरणामुळे पुढं अपात्रता येत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरण्याचा.

लेकरू अडचणीत दिसलं तर १०९८ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते, अंगणवाडीताईंना विचारलं तर माहिती मिळते. आई किंवा वडील नसलेल्या लेकराला घरीच सांभाळता यावं म्हणून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावी.