ही ‘डिश’ जरा वेगळी आहे!

‘पोट बिघडलंय’ हे ऑफिसला दांडी मारायचं सगळ्यात हिट कारण. बॉससुद्धा पुढे काही विचारत नाही. गंमत म्हणजे माझ्या एका मित्राचं हे कारण शंभर टक्के खरं असायचं, पण तो बिचारा ‘व्हायरल’ झालाय म्हणून सांगायचा. त्याला आहे अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज, जखमा, रक्त पडणं आणि दिवसातून दहा वेळा टॉयलेट. कुठल्या स्टेशनवरचं टॉयलेट उघडं असतं, हे त्याला तोंडपाठ! हा आजार बऱ्याचदा पंधरा ते तीस या वयात सुरू होतो. म्हणजे ऐन करिअर आणि लग्नाच्या सीझनमध्ये. आणि तो नेमका का होतो, याचं सरळ उत्तर डॉक्टरांकडेही नाही.

का नाही? कारण मोठं आतडं अभ्यासायचं कसं, हाच मोठा घोळ होता. दुर्बिणीने आत डोकावता येतं, तुकडा काढता येतो, पण बाहेर आणलेला तुकडा थोड्याच वेळात मरतो. मग उरतो उंदीर. आणि उंदराचं पोट ते उंदराचं पोट!

हा घोळ सुटला नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरात. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. मागच्या वीकएंडला ज्या अस्तराने तुमची बिर्याणी पचवली, ते आता बरचंसं बदललेलं आहे. हे काम करणाऱ्या मूळ पेशी अस्तरातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी बसलेल्या असतात. ह्युब्रेख्ट इन्स्टिट्यूटमधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या टीमने २००७ मध्ये त्या नेमक्या ओळखल्या. मग तिथेच काम करणाऱ्या तोशिरो सातो या जपानी डॉक्टरांनी २००९ मध्ये उंदराच्या अशा एका पेशीपासून चिमुकलं आतडं वाढवून दाखवलं आणि २०११ मध्ये माणसाच्या मोठ्या आतड्याचंही!

रेसिपी ऐकाच. पेशी एका जेलमध्ये ठेवायच्या. हे जेल थंडीत पातळ आणि ऊब मिळाली की घट्ट, आपल्या जेलीच्या बरोब्बर उलटं. वरून वाढीला लागणारी प्रथिनं. माणसाच्या आतड्याचे नखरे जास्त, त्याला बी-थ्री व्हिटॅमिनचा एक प्रकारही लागतो. काही दिवसांत पोकळ, इवले गोळे तयार. त्यांना म्हणतात ऑर्गनॉइड. तुमच्या पेशींपासून केलेला गोळा म्हणजे जनुकांसकट तुमचाच!

आता याचा उपयोग काय? नेदरलँड्समध्येच सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी २०१३ मध्ये एक झक्कास टेस्ट निघाली. पेशंटच्या गुदाशयातला छोटा तुकडा घेऊन ऑर्गनॉइड वाढवायचे आणि एक रसायन घालायचं. निरोगी गोळा पाणी ओढून टम्म फुगतो, आजारी फुगत नाही. मग औषध घालायचं. फुगला? म्हणजे औषध त्या पेशंटला लागू पडायची चांगली शक्यता! औषधं प्रचंड महाग आणि पेशंटचा जनुकीय दोष दुर्मिळ असेल, तेव्हा ही चाचणी लाखमोलाची.

दुसरी गोष्ट थोडी घाबरवणारी. आपल्या पोटातल्या ई. कोलाय बॅक्टेरियाच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. क्लेव्हर्स यांच्या लॅबने हे बॅक्टेरिया पाच महिने पुन्हा पुन्हा ऑर्गनॉइडमध्ये टोचले. पेशींच्या डीएनएवर त्यांचे ठरावीक ठसे उमटले आणि तेच ठसे आतड्याच्या काही कॅन्सरमध्येही सापडले. हे झालं २०२०चं. पुढे २०२५ मध्ये अकरा देशांतल्या पेशंट्सच्या गाठी तपासल्या, तेव्हा चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत हे ठसे सत्तरी ओलांडलेल्यांपेक्षा तिपटीहून जास्त दिसले. म्हणून शौचात रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असेल’ म्हणून गप्प बसू नका, प्लीज.

आणि कोलायटिस? सातो जपानला केयो युनिव्हर्सिटीत गेले. त्यांच्या टीमने २०२० मध्ये कोलायटिसच्या पेशंट्सचे ऑर्गनॉइड वाढवले. काही पेशींत असे जनुकीय बदल सापडले, की सुजेचा जो संदेश इतर पेशींना मारतो, त्यातून त्या तगून राहतात. पण त्याहून धाडसी पाऊल टाकलं टोकियो मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीने. (२०२४ मध्ये तिचं दुसऱ्या युनिव्हर्सिटीशी विलीनीकरण झालं.) त्यांनी २०१२ मध्ये लॅबमधलं आतडं उंदराच्या जखमेवर लावून पाहिलं होतं. दहा वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, कोलायटिसच्या एका पेशंटच्या स्वतःच्या निरोगी पेशी वाढवून दुर्बिणीतून त्याच्याच आतड्यातल्या जखमेवर लावल्या. जगात पहिल्यांदाच!

लगेच उड्या मारू नका. या गोळ्यांना रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, प्रतिकारशक्तीच्या पेशी नाहीत. आणि कोलायटिसमध्ये अर्धा गोंधळ तर प्रतिकारशक्तीचाच! शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं, ते निव्वळ अस्तरात कसं दिसणार? म्हणून आता ऑर्गनॉइडच्या सोबतीला या पेशी वाढवायचे प्रयोग चाललेत.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो मिनिटभर गप्प. मग म्हणाला, ‘‘म्हणजे माझं आतडं बाहेर वाढवता येईल? मग मिसळ त्यालाच खायला घाला यार. मी सात वर्षं खाल्ली नाहीये.’’