दत्तक मूल मोठें झाल्यावर

दत्तक हा शब्द आपल्या समाजांत फार जुना आहे. परंतु त्याचा विचार पूर्वीं बहुधा वंश, पिंडदान व मिळकत या तीनच दृष्टींनीं होत असे. कोणाचा मुलगा कोणीं घ्यावा, त्याचें गोत्र कोणतें, त्याचा वांटा किती, याचा दत्तकमीमांसेसारख्या ग्रंथांत कसून ऊहापोह आहे. दत्तक आलेल्या त्या मुलास काय वाटत असेल, हा प्रश्न मात्र मागेंच राहिला. १९५६ च्या कायद्यानें हिंदु कुटुंबांस मुलगीही दत्तक घेण्याची मोकळीक दिली, आणि आज वारस हवा म्हणून नव्हे, तर मांडीवर मूल हवें म्हणून पुष्कळ दांपत्यें अनाथाश्रमाची पायरी चढतात. तेव्हां तें मूल मोठें होऊन स्वतःचा संसार मांडूं लागलें म्हणजे त्याच्या मनाची घडण कशी असते, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञानें १९५१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं एक अहवाल लिहिला. शरीरास जसें सकस अन्न, तशीच बालमनास आईची, अथवा कायम आईच्या जागीं असलेल्या माणसाची, माया आवश्यक असते, असें त्यानें त्यांत प्रतिपादिलें. पुढें १९८७ सालीं हेझन व शेव्हर या अमेरिकन संशोधकांनीं, प्रौढांच्या प्रेमांतही हेंच आधाराचें नातें असतें, असें मांडलें. आपण रडलों तर कोणी तरी धांवून येईल, हा भरंवसा ज्यास लहानपणीं लाभला त्यास मोठेपणीं विश्वास टाकणें सोपें जातें. ज्यास तो लाभला नाहीं, तो पुष्कळदां जोडीदाराच्या लहानशा अबोल्यानेंही घाबरतो, किंवा कोणी टाकून जाण्यापूर्वीं आपणच दूर सरतो.

मग दत्तक मुलाच्या कपाळीं ही भीति कायमचीच काय? तसें मुळींच नाहीं. १९८९ सालीं रुमानियांतील चाउशेस्कूची राजवट कोसळली, आणि तेथील अनाथगृहांत उपासमारींत व उपेक्षेंत पडलेलीं अनेक मुलें इंग्लंडांतील घरांनीं दत्तक घेतलीं. मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा १६५ मुलांचा तीं तरुण होईपर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांचें वय होण्यापूर्वीं जीं त्या नरकांतून सुटलीं, तीं इंग्लंडांतच जन्मून दत्तक गेलेल्या मुलांसारखींच निकोप वाढलीं. त्याहून अधिक काळ तेथें राहिलेल्यांपैकीं पुष्कळांस मनाच्या अडचणी मोठेपणींही सोडीनात. परंतु त्यांतूनही कांहीं जण पूर्णपणें सांवरले. म्हणजे अपाय केला तो उपेक्षेनें; दत्तक जाणें हा तर त्यावरील उपाय होता.

असें असतां मायेच्या घरांतही एक कांटा राहून जातो, आणि तो आपणच पेरतों. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत एक मुलगी अगदीं तान्ही असतां दत्तक आली. तिला कोणीं कांहीं उणें पडूं दिलें नाहीं. मात्र ही गोष्ट तिला सांगावयाची नाहीं, असें वडील मंडळींनीं ठरविलें. चोविसाव्या वर्षीं तिचें लग्न ठरत असतां एका नातलगानें पत्रिकेच्या बोलण्यांत ती उघड केली. मुलगी रडली नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, "आई, हें सर्वांस ठाऊक होतें, मग मलाच कां नव्हतें?" तिच्या जिव्हारीं लागली ती लपवाछपवी, जन्माची हकीकत नव्हे. लग्न झालें, संसारही चांगला आहे. तरी यजमान हलक्या आवाजांत कोणाशीं बोलूं लागले कीं, आपल्यापासून कांहीं लपवीत आहेत असें तिला अजून वाटतें.

याउलट एक उदाहरण पुण्याचेंच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८७४ सालीं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. त्याचा जन्म कोठला, हें त्यांनीं लपविलें नाहीं. त्याला डॉक्टर केलें. १८९० सालीं जोतीराव वारले तेव्हां दत्तकाच्या हक्कास भाऊबंदांनीं हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें हातीं धरलें. १८९७ च्या प्लेगांत यशवंतांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्या माउलीनें देह ठेविला. मायलेकरांचें नातें आणखी कोणत्या शास्त्रानें सिद्ध करावें?

आमच्या मतें दत्तकाची गोष्ट मुलास समजूं लागल्यापासूनच, गोष्टीसारखी, आईबापांच्याच तोंडून कळावी. मोठेपणीं आपल्या जन्मदात्रीविषयीं त्यानें चौकशी केली तर ती कृतघ्नता समजूं नये. आणि जावानणंदांनीं, आजीआजोबांनीं "शेवटीं रक्त वेगळें" हे शब्द थट्टेंतही उच्चारूं नयेत. आईबापांनीं वीस वर्षांत बांधलेला भरंवसा माजघरांतल्या एका वाक्यानें ढांसळतो. आणि त्याची झळ पुढें कोणा तरी निरपराध जोडीदारास लागते.