पाठीच्या कण्याची वक्रता : क्ष-किरणविरहित प्रतिमांकनाचे मूल्यमापन

प्रस्तावना :
पौगंडावस्थेतील सुमारे दोन ते तीन टक्के मुलामुलींमध्ये पाठीचा कणा एका बाजूस वळलेला आढळतो. या विकृतीस स्कोलिओसिस असे म्हणतात. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हा बाकही वाढण्याचा संभव असल्याने तो ठरावीक महिन्यांनी मोजावा लागतो. त्यासाठी जॉन कॉब या अमेरिकी अस्थिशल्यविशारदांनी १९४८ मध्ये मांडलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते. क्ष-किरणचित्रावर बाकाच्या दोन्ही टोकांच्या, सर्वाधिक कललेल्या मणक्यांच्या कडांवरून रेषा काढून त्यांमधील कोन मोजला जातो. वाढत्या वयात साधारणतः २५ अंशांपुढे पट्ट्याचा आणि ४५ ते ५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पर्यायाची गरज :
अमेरिकेतील ५,५७३ स्त्री-रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांची सरासरी जवळजवळ २५ वेळा क्ष-किरण तपासणी झाली होती. त्यांच्यातील स्तनकर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या सुमारे १.७ पट होते. त्या काळातील मात्रा आजच्यापेक्षा पुष्कळच अधिक होती, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही वाढत्या वयातील मुलीवर पुनःपुन्हा क्ष-किरण टाकण्याचा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

पर्याय व त्यांच्या मर्यादा :
चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनात रुग्ण सहसा आडवा असतो. शरीराचा भार हलका झाल्याने बाक प्रत्यक्षाहून कमी दिसतो. प्रकाशपट्ट्यांच्या साहाय्याने पाठीच्या पृष्ठभागाचा आराखडा घेता येतो, परंतु तो त्वचेचा असतो, कण्याचा नव्हे. सोनोग्राफी अधिक आशादायक आहे. तथापि ध्वनिलहरी हाडाच्या पृष्ठभागावरून परत फिरतात. त्यामुळे मणक्यांचे मागील भागच दिसतात, आणि कॉब यांच्या रेषा ज्या कडांवरून काढल्या जातात त्या झाकलेल्याच राहतात. परिणामी सोनोग्राफीचा कोन सामान्यतः कमी भरतो.

मूल्यमापनाचा निकष :
नव्या पद्धतीचा कॉब कोनाशी उच्च सहसंबंध आढळला की ती विश्वासार्ह ठरविण्याचा मोह होतो. सहसंबंध म्हणजे जुळणी नव्हे, ही बाब ब्लँड व ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच स्पष्ट केली. एखादे उपकरण प्रत्येक कोन सहा अंशांनी कमी दाखवीत असेल, तरी सहसंबंध गुणांक १ येईल. मात्र २८ अंशांचा बाक असलेल्या मुलीची नोंद २२ अशी होऊन ती पट्ट्याविना राहील. हाच दोष देखरेखीत मात्र बाधक नाही, कारण दोन भेटींतील फरक काढताना स्थिर त्रुटी आपोआप वजा होते. बाकाच्या प्रमाणात बदलणारी त्रुटी अशी वजा होत नाही.

म्हणून एकाच मुलीचे त्याच दिवशी पुन्हा केलेले मापन किती बदलते, हे आधी पाहणे आवश्यक ठरते. कॉब कोनाच्या मापनातही सुमारे पाच अंशांची तफावत गृहीत धरतात. नव्या पद्धतीकडून त्याहून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ही मर्यादा पाळली गेल्यास मधल्या भेटींतील क्ष-किरणचित्रे टाळता येतात. बदल पाच अंशांहून अधिक दिसला, किंवा पट्टा अथवा शस्त्रक्रियेचा निर्णय समोर असला, तर क्ष-किरणचित्र घ्यावेच लागते. त्या वेळी मुलीची पाठ नळीकडे ठेवल्यास स्तनांवर पडणारी मात्रा बरीच घटते.