गळका रेडिएटर

उभ्या मोटारीखाली रंगीत पाण्याचे थेंब दिसले, की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो खर्चाचा. परंतु हा खर्च कशाकशाचा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाभोवती खेळणारे पाणी उचलते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाऱ्याच्या स्वाधीन करते. १९५८ ते २०१४ या काळात भारतात तयार झालेल्या ‘अँबॅसडर’सारख्या जुन्या गाड्यांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. तो गळू लागला, की मिस्त्री तो उतरवून पाण्यात बुडवी, आत हवा भरी आणि बुडबुडे येतील तेथे डाग देई. कल्हईवाल्याच्याच कुळातील ही विद्या! आजच्या रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते, आणि तेथे डाग कसा बसणार? म्हणून सबंध रेडिएटरच बदलावा लागतो.

बिलात मग रेडिएटरच्या किमतीखेरीज नवे कूलंट, जुने झालेले रबरी पाइप आणि मजुरी यांची भर पडते. पुष्कळ गाड्यांत पुढचा बंपर उतरविल्यावाचून हात पोचत नाही; मजुरी फुगते ती तेथे. मात्र गळती रेडिएटरचीच आहे, की पाइपाची, क्लिपची वा वॉटर पंपाची, हे हवेचा दाब देऊन आधी तपासून घ्यावे. क्लिप आवळून भागणारे काम रेडिएटरच्या किमतीत पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

हा खर्च टाळण्यासाठी कोणी रोज पाणी ओततात. कोणी हळद टाकतात. हळदीने भोक क्वचित बुजतेही. पण तिच्याबरोबर नळ्याही बुजतात. अशी गाडी बोरघाट चढू लागली, की पाणी वेगाने घटते. पाणी फार उतरले, तर तापमापकाचे टोक कोरडे पडते आणि काटा भलताच दिलासा देतो. तेवढ्यात इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते, गॅस्केट जळते, पाणी तेलात मिसळते आणि तेल दुधाळ दिसू लागते. आता इंजिन उघडावे लागते, आणि त्याचा खर्च रेडिएटरच्या कित्येक पट होतो. काटा चढताच किंवा बॉनेटमधून वाफ दिसताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. झाकणाला मात्र इंजिन पुरते निवेपर्यंत हात लावू नये. आतील पाणी दाबाखाली असते, आणि झाकण सैल होताच ते उकळत अंगावर येते.