सायलेन्सरमधली मोलाची माती

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत एक विचित्र चोरी वाढली. रात्री रस्त्याकडेला लावलेली ईको व्हॅन सकाळी जागेवरच असते. काच फुटलेली नाही, बॅटरी शाबूत, टायर शाबूत. पण चावी फिरवली की गाडी ट्रॅक्टरसारखी गरजते. खाली वाकून पाहावे तर सायलेन्सर गायब! शाळेची मुले ने-आण करणारे, पाव-बटर पोचवणारे, अशा हातावर पोट असलेल्या कितीतरी लोकांना हा फटका बसला. या चोऱ्यांच्या बातम्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, 'माती'. चोर सायलेन्सर फोडून आतली माती विकतात.

लोखंडाच्या नळकांड्यासाठी कोणी तुरुंगाचा धोका पत्करणार नाही. त्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते. एका गाडीत मोजून काही ग्रॅम. पण २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. चोराला त्या मातीची किंमत कळते. आपल्यापैकी ज्यांच्या घरची चूल रिक्षा, टेम्पो, ट्रक किंवा गॅरेजवर पेटते, त्यांना मात्र ती कशासाठी आहे हे सहसा कोणी सांगितलेलेच नसते.

इंजिनात काय घडते ते आधी पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सगळे नीट जळाले तर मागे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरेल. पण मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या एका धावेला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. एवढ्या घाईत काही पेट्रोल अर्धवट जळते, त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. काही जळतच नाही, ते हायड्रोकार्बन म्हणून बाहेर पडते. आणि आतल्या प्रचंड उष्णतेमुळे हवेतला साधा नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजन ऑक्साइड बनतो. पहिला वायू रक्तातला ऑक्सिजन हिसकावतो. बाकीचे दोन उन्हात एकत्र येऊन ओझोन तयार करतात, जो डोळे चुरचुरवतो आणि दमेकऱ्याला बेजार करतो.

सायलेन्सरच्या वाटेवर जो फुगीर डबा असतो, तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजात त्याला नुसते 'कॅट' म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते, चौरस इंचात साधारण ४०० बारीक भोके, आणि भोकांच्या भिंतींवर त्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप. हे धातू स्थळे जुळवणाऱ्या चाचींसारखे काम करतात: दोघांची गाठ घालून देतात आणि स्वतः जशाच्या तशा बाजूला होतात. कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन मिळतो, हायड्रोकार्बनचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात, नायट्रोजन ऑक्साइड फुटून पुन्हा साधा नायट्रोजन मोकळा होतो. कॅट तापलेला आणि धडधाकट असेल तर या तिन्ही वायूंचा ९० टक्क्यांहून अधिक भाग तिथेच निकामी होतो. मात्र कामाला लागायला त्याला २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. म्हणून सकाळची पहिली काही मिनिटे गाडी सर्वांत जास्त घाण सोडते.

हा डबा आला कुठून, ती गोष्ट मला फार आवडते. १९५० च्या सुमारास अमेरिकेतले लॉस एंजेलिस शहर धुरक्याने गुदमरत होते. हागन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून ते धुरके बनते. त्याच दशकात युजीन हूड्री या फ्रेंच इंजिनिअरने धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर तयार केला. पण अडचण पेट्रोलची होती. इंजिन ठोके मारू नये म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत असत. शिसे त्या लेपावर बसले की कॅट मेला. अखेर १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत गाड्यांना कॅट लागले, तेव्हा पंपावर बिनशिशाचे पेट्रोल ठेवणे भाग पडले.

आणि इथेच खरा फायदा झाला. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूवर आघात करते, बुद्धी आणि एकाग्रता खाते, आणि त्याचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही. लावायला गेले डबा, पण त्या निमित्ताने मुलांच्या श्वासातले शिसे कमी झाले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅट आणि बिनशिशाचे पेट्रोल सक्तीचे झाले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिशाचे पेट्रोल गेले. जगात सर्वांत शेवटी ते अल्जीरियात बंद झाले, २०२१ साली.

एवढे करून मिळवलेली वस्तू आपण काय करतो? "उस्ताद, पिकअप मिळत नाही, कॅट काढून टाका." हे वाक्य कुठल्याही गॅरेजात ऐकू येईल. कॅट तुंबला तर गाडी ओढत नाही, हे खरे. पण तो आपणहून तुंबत नाही. प्लग चुकत असेल, रिंगा झिजून ऑइल जळत असेल किंवा पेट्रोलमध्ये भेसळ असेल, तर न जळलेले इंधन कॅटमध्ये जाऊन पेटते. जाळी वितळते, ऑइलची राख भोके बुजवते. कॅट काढला तरी प्लग चुकतोच आणि ऑइल जळतेच. दुखणे तसेच ठेवून थर्मामीटर फोडण्याचा हा प्रकार आहे. चांगला उस्ताद आधी प्लग, कॉइल आणि ऑक्सिजन सेन्सर तपासतो. हा सेन्सर धुराचा अंदाज घेऊन पेट्रोल-हवेचे प्रमाण सांभाळतो; तो बिघडला तर ॲव्हरेज पडते आणि कॅटही जातो.

काही जागी तर कॅट काढून गिऱ्हाइकाला स्वस्त, आतून रिकामा सायलेन्सर बसवतात आणि जुना भंगारात विकतात. म्हणजे चोरी दिवसाढवळ्या, आणि तीही मालकाकडून मजुरी घेऊन!

हे पकडायला पीयूसी आहे, पण ती आपण कागद म्हणून घेतो. नळी न घालताच प्रमाणपत्र मिळाले की खूश होतो. खरे तर स्वस्तात होणारी ती इंजिनाची रक्ततपासणी आहे. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारीला गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. फार जुन्या गाड्यांना हीच मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम होती. कॅटने किती फरक पाडला ते या दोन आकड्यांत दिसते. तुमच्या पावतीवर एक टक्का आला असेल तर एक तर पेट्रोल जास्त जातेय, नाही तर कॅट गेलाय. दोन्ही तुमच्याच खिशातून जाते. या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजला जात नाही, ही तिची उणीव आहेच. पीयूसी नसेल तर केंद्रीय कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

डिझेलचे दुखणे वेगळे. तिथे काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड हे मुख्य शत्रू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. १ एप्रिल २०२० पासून आपण बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर आलो, तेव्हा इंधनातले गंधक ५० वरून १० पीपीएमवर आणले, कारण गंधकही कॅट खराब करते. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतः ती काजळी जाळते. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका वेगाने पळावे लागते. रोज बाजारपेठेतच रखडणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. दिवा लागला तर हायवेवर एक फेरी मारून आणा, दुर्लक्ष करू नका.

मोठ्या ट्रकमध्ये डीईएफ लागते. ड्रायव्हर त्याला 'युरिया' म्हणतात, कारण त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडला साधा नायट्रोजन करून टाकतो. नाव ऐकून कोणी शेतीचा युरिया पाण्यात कालवतो. आपल्याकडे खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. पिकाला तो चांगला, ट्रकच्या बारीक नोझलला मात्र घातक. वाचवलेल्या शेकड्यांमागे हजारांची दुरुस्ती येते.

घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट अजून राहिली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पावसात शटर ओढून गाडी ट्यून करणारा पोरगा, बंद जागेत एसी चालू ठेवून गाडीत झोपलेला ड्रायव्हर, लाइट गेल्यावर घराच्या बोळात लावलेला जनरेटर, धोका सगळीकडे तोच. डोके जड होणे, मळमळणे, घेरी येणे ही लक्षणे आपण थकव्यावर ढकलतो. असे वाटले की आधी इंजिन बंद करायचे, माणसाला मोकळ्या हवेत न्यायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा. गाडीला कॅट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. थंड इंजिनाचा कॅट झोपलेला असतो.

जुनी गाडी घेताना आपण रंग, टायर आणि किलोमीटर बघतो. त्यात दोन गोष्टी वाढवा. पीयूसी आपल्या डोळ्यांदेखत, नळी घालून करून घ्या आणि आकडे वाचा. दुसरे, गाडी पूर्ण थंड असताना खाली वाकून त्या फुगीर डब्यावर मुठीने हलकी थाप मारा. आत खुळखुळा वाजला तर जाळी फुटली आहे, तेवढे पैसे सौद्यात कमी करा. आणि डब्याच्या जागी नुसताच सरळ पाइप असेल, तर माती आधीच कोणीतरी विकून खाल्लेली आहे.