एम.एस्सी. मॅथ्सनंतर इंजिनिअरिंगमध्ये संशोधन: नेमकं काय बदलतं?

मॅथ्सवाल्यांचा नेहमीचा प्रश्न: "आम्हाला इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी जमेल का?" जमेल. पण आधी फरक कुठे आहे ते बघू.

१ मीटर लांब, २० मिमी × २० मिमी छेदाची स्टीलची सळई घ्या. एक टोक भिंतीत घट्ट, मोकळ्या टोकाला १०० न्यूटन भार, म्हणजे साधारण १० किलो टांगलेले. टोक किती खाली जाईल? चौथ्या ऑर्डरचं डिफरन्शियल इक्वेशन, चार बाउंडरी कंडिशन्स. आपल्यासाठी पाच मिनिटांचं काम. यंग्ज मोड्युलस २०० गिगापास्कल धरला की उत्तर १२.५ मिमी.

इंजिनिअर लगेच विचारतो, सळईचं स्वतःचं वजन धरलं का? ते सुमारे ३ किलो आहे, त्यानेच आणखी १.४ मिमी वाढतात. पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: "घट्ट" म्हणजे किती घट्ट? गणितात त्या टोकाचा उतार शून्य दिलेला असतो. लॅबमध्ये बोल्ट जरा ढिला असला आणि ते टोक फक्त ०.००५ रेडियन फिरलं, तरी मोकळं टोक ५ मिमी जास्त खाली जातं. गणित बरोबरच होतं. गृहीतक खरं नव्हतं. गृहीतकं तपासणं हेच इथलं निम्मं काम.

आता प्रवेशाचं. गेटमध्ये इंजिनिअरिंग सायन्सेस (एक्सई) हा पेपर बघा. त्यात जनरल अ‍ॅप्टिट्यूड १५ गुण, इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स १५ गुण सक्तीचं, आणि आपल्या आवडीचे दोन विषय प्रत्येकी ३५ गुणांचे: फ्लुइड मेकॅनिक्स, सॉलिड मेकॅनिक्स वगैरे. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचाही पेपर आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. मात्र पात्रता विभागागणिक बदलते, कुठे एम.एस्सी. मॅथ्स चालतं, कुठे बी.ई.च लागतं. माहितीपुस्तिका आधी वाचा, नाहीतर वर्ष वाया जातं.

मुलाखतीपूर्वी एक करा. हीच सळई फायनाइट एलिमेंट पद्धतीने स्वतः कोड लिहून सोडवा. फक्त टोकाला भार असताना क्यूबिक बीम एलिमेंट एकच घेतला तरी उत्तर तंतोतंत येतं, कारण खरं उत्तरही क्यूबिकच आहे. स्वतःचं वजन धरलं की ते चौथ्या घाताचं होतं आणि मधल्या बिंदूंवर फरक दिसू लागतो. हे "का" सांगता येणं ही मॅथ्सवाल्यांची जमेची बाजू. फक्त उत्तरापुढे एकक लिहायला विसरू नका!