खरी ऑर्डर 'स्पॅम'मध्ये अडकते तेव्हा

सोलापूरची चादर व टेरी टॉवेल यांना परगावचे आणि परदेशचे गिऱ्हाईक आहे. भावाची चौकशी, नमुन्याची मागणी आता ई-मेलने येते. समजा, दुबईच्या एका हॉटेलवाल्याने टॉवेलचा भाव विचारला आणि ते पत्र 'स्पॅम'च्या कप्प्यात पडले. उत्तर नाही म्हणून तो दुसरीकडे वळेल, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. जीमेलमध्ये स्पॅममधील पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे.

ही चाळणी चुकते का? पाठवणाऱ्याची ओळख पटते काय, पत्रात कसल्या लिंक व फाइली आहेत, त्याच्याविरुद्ध पूर्वी तक्रारी झाल्या काय, यावरून ती अंदाज बांधते. नवे गिऱ्हाईक तिला अनोळखीच असते. म्हणून स्पॅमचा कप्पा रोज सकाळी पाहावा आणि खऱ्या पत्रावर 'स्पॅम नाही' असे नोंदवावे.

ज्या पेढीचे स्वतःच्या नावाचे डोमेन आहे, तिथे ही जबाबदारी ॲडमिनची. गूगल वर्कस्पेस असेल तर 'ईमेल लॉग सर्च'मध्ये पत्र कोठे अडकले ते दिसते. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता मंजूर यादीत घालावा. मात्र घाईने सगळे 'जीमेल डॉट कॉम' मंजूर करू नये. तसे केले तर एका गिऱ्हाइकासाठी गोदामाचा दरवाजा सताड उघडा टाकल्यासारखे होईल. पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची अटही काढू नये, कारण दुसऱ्याच्या नावाने पत्र धाडणे ठगाला अवघड नाही.

उलट, आपलेच भावपत्रक गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जात असेल तर आपल्या डोमेनच्या तीन नोंदी तपासाव्यात. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्र पाठवण्याची परवानगी असलेल्या सर्व्हरांची यादी. डीकेआयएम ही पत्रावरची मोहोर. डीमार्क सांगते की, या दोन्ही कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचे काय करावे. खासगी जीमेल खात्यांना पत्र पाठवणाऱ्या सर्वांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ वा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागते. रोज ५,००० पेक्षा जास्त पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. दोन झाल्या की तपासणी फसते. बिलाचे सॉफ्टवेअर आपल्या नावाने परस्पर पत्रे पाठवत असेल तर त्याचा सर्व्हरही त्याच नोंदीत घालावा.

शेवटची गोष्ट पैशाची. स्पॅममधून बाहेर काढलेले प्रत्येक पत्र खरेच असते असे नाही. 'आमचे बँक खाते बदलले, रक्कम नव्या खात्यात भरा' असे पत्र आले तर त्यातल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करून खातरजमा करावी आणि मगच रक्कम पाठवावी.